भारताची महिला फुटबॉल टीम: तुम्ही परत परत विचारता ते प्रश्न, एकदाच सगळी उत्तरं

आधी दोन गोष्टी. हा सगळा हिशोब जुलै २०२५ ला थायलंडमधल्या चियांग माईत झालेल्या एशियन कप क्वालिफायरपर्यंतचा आहे, आणि त्यानंतरचं म्हणजे फक्त २०२६ च्या एशियन कपचा ड्रॉ आणि ऑगस्ट २०२५ चं रँकिंग. दुसरं, एका उत्तरात जे आलंय ते दुसरीकडे परत लिहिलेलं नाही, नंबर दिलाय, तिकडे जाऊन वाचा.

१. भारताची महिला टीम नक्की कधीपासून खेळतेय? पाचदहा वर्षांपूर्वी सुरू झाली ना?

नाही हो. हा गैरसमज सगळ्यात कॉमन आहे म्हणून पहिला घेतला. १९७५ मध्ये लखनौला महिला फुटबॉलची वेगळी फेडरेशन स्थापन झाली, वुमेन्स फुटबॉल फेडरेशन ऑफ इंडिया, आणि तिनेच पुढची पंधराएक वर्षं टीम उभी केली, बाहेर नेली, घरी स्पर्धा भरवली. आज जी एआयएफएफ (ऑल इंडिया फुटबॉल फेडरेशन) सगळं बघते तिने महिला फुटबॉल हातात घेतलं नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. म्हणजे टीम जुनी आहे, तिच्याकडे बघणारे नवीन आहेत.

२. ब्लू टायग्रेसेस म्हणजे हीच टीम का?

हो, हीच. पुरुषांची टीम ब्लू टायगर्स, म्हणून ह्या टायग्रेसेस. मराठीत "निळ्या वाघिणी" म्हणणारे पण भेटतात, छान वाटतं ऐकायला.

३. आपण महिला वर्ल्ड कप कधी खेळलोय का?

सीनियर टीम नाही, एकदाही नाही. फिफाचा महिला वर्ल्ड कप १९९१ ला सुरू झाला आणि आशियातून तिकडे जायचा रस्ता एशियन कपमधून, म्हणजे आशियातल्या देशांच्या स्पर्धेतून जातो. आपण एशियन कपमध्ये १९८३ नंतर थेट १९९५ ला दिसतो, मग २००३ पर्यंत जात राहिलो, आणि २००३ नंतर २०२२ ला, तेही यजमान होतो म्हणून. एकोणीस वर्षं एशियन कपमध्येच नाही तर वर्ल्ड कप कुठून येणार. रेकॉर्ड वाचताना लोक हरलेल्या मॅचेस मोजतात, मला विचाराल तर न खेळलेली वर्षं मोजा, खरी गोष्ट तिथे आहे.

४. अहो पण २०२२ मध्ये नवी मुंबईत वर्ल्ड कप झाला होता, भारत खेळला होता, मी स्वतः पाहिलाय!

बरोबर आहे तुमचं, पण तो १७ वर्षांखालील मुलींचा वर्ल्ड कप. ऑक्टोबर २०२२, भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबई. यजमान म्हणून आपल्याला जागा मिळाली, आणि तिन्ही मॅचेस हरलो, अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३, ब्राझीलकडून ०-५. एक गोल पण करता आला नाही. फायनल डी. वाय. पाटील स्टेडियमला, स्पेनने कोलंबियाला १-० हरवलं. ह्या मुलींच्या स्कोअरवरून सीनियर टीमला शिव्या घालणारे मेसेज अजून येतात, कृपा करून दोन वेगळे खाते ठेवा.

५. आशियात आपली सगळ्यात भारी कामगिरी कोणती?

एशियन कपमध्ये दोनदा उपविजेते, एकदा तिसरे. जानेवारी १९८० मध्ये कालिकतला फायनल, ०-२ ने हरलो. १९८१ ला हाँगकाँगमध्ये तिसरा नंबर. १९८३ ला बँकॉकमध्ये परत फायनल, थायलंडकडून ०-३. त्या पिढीच्या शांती मल्लिक यांना १९८३ चा अर्जुन पुरस्कार मिळाला, अर्जुन मिळालेल्या त्या पहिल्या महिला फुटबॉलपटू. गोव्याच्या योलांडा डिसोझा पण त्याच काळातल्या.

६. मग आपण एकेकाळी आशियातली दोन नंबरची टीम होतो असं म्हणायचं का?

इथे जरा थांबायला लागतं. कागदावर हो. पण १९८० च्या स्पर्धेत कोण होतं ते बघा, भारताच्याच दोन टीम उतरल्या होत्या आणि ऑस्ट्रेलियाकडून वेस्टर्न ऑस्ट्रेलिया ह्या एका राज्याची टीम आली होती. चीन नव्हता. चीन पहिल्यांदा आला १९८६ ला, आला तो थेट जिंकला आणि पुढे ओळीने जिंकतच राहिला. स्पर्धा चालवणारी संस्था पण वेगळी होती, एशियन लेडीज फुटबॉल कॉन्फेडरेशन, ती एएफसीमध्ये, म्हणजे आशियाई फुटबॉलच्या मुख्य संस्थेत, विलीन झाली १९८६ ला.

पण ह्याचा अर्थ ती पदकं खोटी असा काढू नका, मला तो सूर अजिबात आवडत नाही. जे समोर आले त्यांच्याशी खेळल्या आणि फायनलला पोचल्या, आणि ज्या वर्षी चीन आला त्या वर्षी आपण गेलोच नाही. १९८६, ८९, ९१, ९३, चारही एशियन कपमध्ये भारत नाही. बाकीच्यांनी नेमकी त्याच वर्षांत शिडी चढली आणि आपण खाली उभे.

७. सॅफ, म्हणजे दक्षिण आशियातल्या देशांची स्पर्धा, किती वेळा जिंकलोय? कोणी पाच म्हणतं कोणी आठ म्हणतं.

पाच. २०१० कॉक्स बझार, २०१२ कोलंबो, २०१४ इस्लामाबाद, २०१६ सिलिगुडी, २०१९ बिराटनगर. पाचपैकी चार फायनल नेपाळविरुद्ध, फक्त सिलिगुडीला बांगलादेश. आणि २०१० ते २०१९ ह्या पाच स्पर्धांत टीम एकही मॅच हरली नाही.

आठ म्हणणारे बहुतेक साउथ एशियन गेम्सची तीन सुवर्णं त्यात मिसळतात, २०१० ढाका, २०१६ ची शिलाँगला, २०१९ ची पोखराला. ती वेगळी स्पर्धा. त्यातल्या शेवटच्या, पोखराच्या फायनलला नेपाळला २-० हरवलं होतं, दोन्ही गोल बाला देवीचे (प्रश्न १९).

८. मग आता सॅफमध्ये काय झालं? नेपाळ-बांगलादेशकडून कसे काय हरतो?

त्या सुधारल्या, साधं उत्तर हेच. २०२२ ला काठमांडूत गटात बांगलादेशकडून ०-३, सेमीफायनलला नेपाळकडून ०-१. २०२४ ला परत काठमांडू, परत बांगलादेशकडून १-३, परत सेमीफायनलला नेपाळ. दोन्ही वेळा कप बांगलादेशने नेला.

२०२४ ची ती सेमीफायनल मात्र सांगण्यासारखी आहे. संगीता बासफोरने लांबून भारी गोल मारला, आपल्या पोरी जल्लोष करत असतानाच नेपाळने पटकन सेंटर करून बॉल जाळ्यात टाकला, रेफरीने तो गोल धरला नाही, आणि मग नेपाळच्या खेळाडू खेळायलाच तयार होईनात. तासाभराहून जास्त मॅच थांबली. इतका वेळ थांबून अंग गार पडल्यावर परत खेळणं म्हणजे काय ते ज्याने कधी गल्लीत तरी खेळलंय त्याला कळेल. मॅच सुरू झाली, सबित्रा भंडारीने १-१ केलं, आणि पेनल्टीजवर नेपाळ ४-२ ने गेलं. पेनल्टीज चांगल्या मारल्या असत्या तर आज ही तक्रार कोणी केली नसती हे पण खरं.

९. सगळ्यात मोठा विजय आणि सगळ्यात मोठा पराभव?

विजय १८-०, भूतानवर, २०१० च्या सॅफमध्ये. पराभव ०-१६, चीनकडून, १९९८ च्या बँकॉक एशियन गेम्समध्ये. दोन आकडे शेजारी ठेवले की ह्या टीमचा सगळा प्रॉब्लेम दिसतो, दक्षिण आशियात कोणी पुरत नव्हतं आणि पूर्व आशियात आपण पुरत नव्हतो, आणि मधल्या ताकदीच्या टीमशी, म्हणजे थायलंड, व्हिएतनाम, म्यानमार वगैरे, नेमाने खेळणंच नव्हतं.

१०. २०२२ चा एशियन कप आपल्या मुंबई-पुण्यात होता ना? भारताने तो अर्धवट का सोडला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि दर वेळी उत्तर लिहिताना माझं डोकं तापतं.

जानेवारी २०२२. मॅचेस नेरुळचं डी. वाय. पाटील, अंधेरीचं मुंबई फुटबॉल अरेना आणि पुण्यात बालेवाडी. कोच स्वीडनचे थॉमस डेनर्बी. आपला गट चीन, चायनीज तैपेई आणि इराण. इराण पहिल्यांदाच एशियन कप खेळत होतं, त्यामुळे ती मॅच जिंकायची आणि गटात वर राहायचं असा सगळ्यांचा साधा हिशोब. पुढे गेलो तर २०२३ च्या वर्ल्ड कपचं दार किलकिलं होणार होतं.

२० जानेवारीला इराणशी ०-०. चान्सेस मिळाले, गोल झाला नाही. ठीक आहे म्हटलं, अजून दोन मॅचेस आहेत. २३ ला चायनीज तैपेईविरुद्ध मॅच, आणि मॅचच्या तोंडावर बातमी, टीममध्ये डझनभर जणी कोविड पॉझिटिव्ह. नियम असा होता की मॅचला किमान १३ खेळाडू पाहिजेत. पॉझिटिव्ह आणि जखमी वजा केल्यावर तेवढ्या उरल्याच नाहीत. मॅच रद्द, आणि नियमाप्रमाणे भारताने स्पर्धेतून माघार घेतली असं धरलं गेलं.

"सोडला" हा शब्द म्हणून मला खटकतो. कोणी सोडला नाही. मी नवी मुंबईतच राहते, डी. वाय. पाटीलचे लाइट आमच्या भागातून दिसतात, त्या संध्याकाळी ते दिवे बघवत नव्हते. ६ फेब्रुवारीची फायनल तिथेच झाली, चीनने दोन गोलने मागे पडून दक्षिण कोरियाला ३-२ हरवलं, मॅच कमाल होती, पण कसं असतं ना, आपल्याच घरचं कार्य आणि आपण खोलीत बंद.

११. मग इराणबरोबरचा तो ०-० रेकॉर्डमध्ये धरतात का?

स्पर्धेच्या टेबलात नाही. माघार धरल्यामुळे भारताचा निकाल रद्दबातल झाला आणि गटात तीनच टीम उरल्यासारखा हिशोब केला. म्हणून कुठल्या साइटवर २०२२ समोर एकही मॅच नाही आणि कुठे एक ड्रॉ असं दिसतं. पोरी ९० मिनिटं खेळल्या एवढं खरं, बाकी टेबलवाल्यांनी ठरवावं.

१२. चियांग माईला काय झालं एवढं? सगळे ऐतिहासिक ऐतिहासिक करत होते.

होतंच ऐतिहासिक. २०२६ च्या एशियन कपची क्वालिफायर, जून-जुलै २०२५, थायलंडमधलं चियांग माई, आणि गटातली फक्त पहिली टीम पुढे जाणार. गट असा: थायलंड, इराक, मंगोलिया, तिमोर-लेस्ते आणि आपण. मंगोलियावर १३-०, त्यात प्यारी झाझाचे एकटीचे पाच. तिमोर-लेस्तेवर ४-०. इराकवर ५-०. तिकडे थायलंडने पण सगळ्या जिंकल्या, आणि मजा अशी की दोघांचे पॉइंट नऊ, दोघांनी केलेले गोल २२ आणि खाल्लेला एकही नाही. पाच टीमच्या गटात शेवटच्या मॅचला दोन टीम पै न पै सारख्या, असं ठरवून पण होणार नाही.

५ जुलैला मग ती मॅच. थायलंड रँकिंगला ४६, आपण ७०. थायलंड दोन वर्ल्ड कप खेळलेली टीम, मॅच त्यांच्या घरी. संगीता बासफोर, पश्चिम बंगालमधल्या कल्याणीची, मिडफिल्डर, तिने पहिल्या हाफमध्ये लांबून गोल मारला. दुसऱ्या हाफच्या सुरुवातीलाच थायलंडने बरोबरी केली. आणि त्या क्षणी, मी खोटं नाही सांगत, आमच्या घरात सगळे "झालं, आता नेहमीचंच" म्हणून मोकळे झाले. मग ७४ व्या मिनिटाला परत संगीता, ह्या वेळी हेडर. २-१. उरलेली पंधरा मिनिटं आणि वरचा टाइम मी उभ्याने काढला.

ऐतिहासिक अशासाठी की पूर्वी गेलो होतो तेव्हा असा क्वालिफायर पार करून गेलो नव्हतो आणि २०२२ ला यजमान होतो. क्वालिफायर खेळून, जिंकून, जागा मिळवली ती ह्याच वेळी पहिल्यांदा. आठ महिन्यांपूर्वी काठमांडूच्या त्या सेमीफायनलला (प्रश्न ८) गोल करून रडत बाहेर आलेली संगीताच होती हे लक्षात ठेवा.

१३. तेव्हाचे कोच छेत्री म्हणजे आपला सुनील छेत्री का?

नाही!! क्रिस्पिन छेत्री. ओडिशा एफसीच्या महिला टीमला २०२३-२४ ची इंडियन वुमेन्स लीग जिंकून दिली ते हे. सुनीलचा काही संबंध नाही, आडनाव सारखं.

१४. २०२६ ला गट कोणता आणि त्यातून वर्ल्ड कपला कसं जातात?

एशियन कप ऑस्ट्रेलियात, मार्च २०२६, बारा टीम. ड्रॉमध्ये आपल्या वाट्याला जपान, व्हिएतनाम आणि चायनीज तैपेई. वर्ल्ड कप २०२७ ला ब्राझीलमध्ये आहे आणि आशियातून सहा टीम थेट जातात, सेमीफायनलच्या चार, आणि क्वार्टरफायनल हरलेल्या चौघींमध्ये परत मॅच होऊन त्यातल्या जिंकणाऱ्या दोन. ह्या मॅचेस हरलेल्या दोघींना पण इतर खंडांच्या टीमशी खेळून एक शेवटचा चान्स असतो. सोप्या भाषेत, गटातून वर आलात की अर्धी लढाई झाली.

१५. ऑलिम्पिकचं काय?

ऑलिम्पिक पण नाही खेळलोय अजून. पण एप्रिल २०१९ मध्ये म्यानमारच्या मंडालेला फार जवळ, म्हणजे पुढच्या राउंडच्या जवळ, गेलो होतो. इंडोनेशियाला २-० आणि नेपाळला ३-१ हरवलं, म्यानमारशी जिंकायलाच पाहिजे होतं आणि मॅच ३-३. गोल डिफरन्सवर म्यानमार पुढे. तेव्हा कोच होत्या गोव्याच्या मेमोल रॉकी, स्वतः भारताकडून खेळलेल्या. पुढच्या वेळी, २०२३ ला, किर्गिझस्तानला दोनदा हरवून ताश्कंदला गेलो आणि तिथे जपान ०-७, व्हिएतनाम १-३, उझबेकिस्तान ०-३. त्यावर जास्त काही बोलण्यासारखं नाही.

१६. एशियन गेम्स आणि एशियन कप एकच ना?

नाही. गेम्स म्हणजे सगळ्या खेळांची स्पर्धा, कप फक्त फुटबॉलचा. गेम्सला १९९८ ला गेलो (प्रश्न ९), २०१४ ला इंचॉनला गेलो, मालदीववर १५-० आणि मग कोरिया, थायलंड दोघांकडून ०-१०. हांगझोऊला २०२३ मध्ये चायनीज तैपेईकडून १-२ आणि थायलंडकडून ०-१. दहावरून एकवर आलेला तो थायलंडचा फरक तेव्हा कोणी फारसा बघितला नाही, दोन वर्षांनी चियांग माईला कळला.

१७. रँकिंग मध्येच गायब का होतं?

कारण बराच काळ मॅचच खेळली नाही तर फिफा यादीतून काढून टाकतं. २००९ ला आपलं तेच झालं. हरून खाली गेलो नाही, खेळलोच नाही म्हणून नाव गेलं. (प्रश्न ३ मध्ये म्हटलं ते हेच.) चियांग माईनंतर ऑगस्ट २०२५ ला ६३ व्या नंबरवर आलो.

१८. फिफाने भारतावर बंदी घातली होती ती महिला टीममुळे का?

अजिबात नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये एआयएफएफचा कारभार कोर्टाने नेमलेल्या समितीकडे होता, फिफाने त्याला बाहेरचा हस्तक्षेप म्हटलं आणि निलंबन केलं. दहाअकरा दिवसांत, २६ ऑगस्टला उठलं. पण भोगलं कोणी? गोकुलम केरळाची महिला टीम आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचली होती, न खेळता परत आली. १७ वर्षांखालचा वर्ल्ड कप पण हातचा जाता जाता राहिला.

१९. सगळ्यात मोठी खेळाडू कोण? बाला देवी का बेमबेम देवी?

भांडणं लावू नका. ओइनाम बेमबेम देवी नव्वदच्या दशकापासून २०१६ पर्यंत खेळल्या, म्हणजे ज्या वर्षांत टीमला कोणी विचारत नव्हतं ती सगळी वर्षं ह्या बाईंनी अंगावर काढली. २०१७ ला अर्जुन, २०२० ला पद्मश्री. बाला देवी २०२० ला स्कॉटलंडच्या रेंजर्सकडे गेली आणि २०२४ च्या सॅफमध्ये तिने आंतरराष्ट्रीय गोलची पन्नाशी गाठली. त्याच स्पर्धेत आशालता देवीची शंभरावी मॅच झाली. तिघी मणिपूरच्या. मनीषा कल्याण पंजाबची, २०२१ ला ब्राझीलमध्ये जाऊन ब्राझीलला गोल मारला (हरलो १-६, पण गोल गोल असतो), आणि २०२२ ला सायप्रसच्या क्लबकडून युरोपची महिला चॅम्पियन्स लीग खेळणारी पहिली भारतीय झाली. माझं मत विचाराल तर बेमबेम. बालाचे फॅन चिडतील, चिडू देत.

२०. महाराष्ट्राच्या मुली टीममध्ये का दिसत नाहीत?

प्रश्न रास्त आहे. मणिपूरने सीनियर नॅशनल्स विसाहून जास्त वेळा जिंकलीय, तिथे मुलगी फुटबॉल खेळते ह्यात कोणाला नवल वाटत नाही. आपल्याकडे कोल्हापूर बघा, तालमींच्या मॅचला शाहू स्टेडियम खच्चून भरतं, पीटीएमची (पाटाकडील तालीम मंडळाची) मॅच म्हणजे अख्ख्या पेठेचा दिवस, पण ते सगळं पोरांचं. एफसी कोल्हापूर सिटी नावाने मुलींची टीम इंडियन वुमेन्स लीगला उतरली होती, मुंबईचं केंकरे पण. म्हणजे सुरुवात झालेली आहे. आणि एक गंमत, ज्या सीनियर नॅशनल्सवर मणिपूरचं राज्य आहे त्या करंडकाला नाव राजमाता जिजाबाईंचं आहे. नाव आपलं, कप त्यांच्याकडे.

२१. १९७९ का १९८०? कुठे काय कुठे काय लिहिलेलं असतं.

कालिकतची स्पर्धा १९७९ ची म्हणून मोजतात, मॅचेस झाल्या जानेवारी १९८० मध्ये. दोन्ही बरोबर. हांगझोऊचंही तसंच, नाव "२०२२ एशियन गेम्स" आणि झाले २०२३ मध्ये, कोविडमुळे.

२२. रिपब्लिक ऑफ चायना, तैवान, चायनीज तैपेई, ह्या तीन टीम आहेत का?

एकच टीम, तैवानची, नावं वेगवेगळी. चीन म्हणजे वेगळी, ०-१६ वाली. आता वरचं सगळं परत चाळा आणि बघा ही टीम कुठे कुठे भेटते ते: कालिकतची फायनल ह्यांच्याशीच हरलो, नवी मुंबईत न झालेली मॅच ह्यांच्याशीच होती, हांगझोऊला १-२ ह्यांच्याकडूनच, आणि २०२६ चा ड्रॉ निघाला तर गटात परत ह्याच.